बोलके पुस्तक मुके होते तेव्हा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस नेवासे तालुक्यातील एका खेडेगावी आमचे जाणे झाले. उपासना आटोपल्यावर तेथील उपदेशकांच्या समवेत आम्ही मंडळीतील एका वृद्ध बंधूंच्या भेटीस गेलो. ह्या बाबांची दृष्टी काचबिंदूने जाऊन बारा वर्षे झाली. जन्मभर त्यांनी पाथरवटाचे काम केले. परंतु लहानपणी मिशनच्या शाळेत त्यांच्या चार इयत्ता झाल्या होत्या, आणि त्या वेळी लागलेली वाचनाची गोडी पुढे कधी सुटली नाही. डोळे होते तोवर दिवेलागणीनंतर ओसरीवर बसून ते मोठ्याने वाचीत, आणि शेजारीपाजारी ऐकावयास जमत.

बोलता बोलता कोनाड्यात स्वच्छ फडक्यात बांधून ठेवलेल्या एका गाठोड्याकडे आमचे लक्ष गेले. ते पूर्वीही तेथे पाहिल्यासारखे वाटले. "बाबा, त्यात काय आहे?" असे विचारता ते म्हणाले, "ते माझे पुस्तक होते, साहेब. आता मुके झाले."

फडके सोडले तो आत तळहाताएवढे एक यंत्र निघाले. अंध व्यक्तींस पुस्तके ऐकता यावीत म्हणून जी बोलकी वाचनयंत्रे अलीकडे शिबिरांतून देण्यात येतात, त्यांपैकीच ते एक होते. दीड वर्ष ते उत्तम चालले. मग एके दिवशी कळ दाबली तरी आवाज उमटेना. "केव्हाची गोष्ट ही?" "रानात जोंधळा काढणीला आला होता, तेव्हाची." म्हणजे सात महिने लोटले होते. त्या वेळी बाबा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ऐकत होते. ते म्हणाले, "टिळक ख्रिस्ती झाले, आणि बाई पंढरपुरास राहिल्या, इथवर ऐकले. पुढे त्या नगरास आल्या हे आपणा सर्वांस ठाऊकच आहे. पण कशा आल्या, ते ऐकायचे राहून गेले. सात महिने झाले, साहेब, बाई पंढरपुरातच बसून आहेत." असे म्हणून ते हसले. आम्हांस मात्र हसू आले नाही.

यंत्र आम्ही मागून घेतले व शहरात नेऊन दाखवितो असे सांगून निघालो. मोटारीत बसल्यावर मनात एक कडक लेख तयार होऊ लागला. ज्यांनी असली ठिसूळ वस्तू एका अंध म्हाताऱ्याच्या हाती दिली, त्यांची चांगली झाडाझडती घ्यावी, असे ठरले. तो लेख आम्ही लिहिला नाही. त्याऐवजी हा लिहीत आहोत. असे का झाले, ते पुढे ओघाने येईल.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. यंत्र बिघडले, ह्यात नीतीचा प्रश्न कोठे येतो, असे कोणी विचारील. नांगराचा फाळ मोडतो, मोटेचा दोर तुटतो, विहिरीवरील पंप जळतो. त्यास कोणी पाप म्हणत नाही. सुताराकडे किंवा मिस्त्रीकडे जावे, आणि काम चालू करावे. हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याचा पंप जळाला, त्यास तो जळाला हे दिसते, धूर दिसतो, तार तुटलेली दिसते. ज्याचा दिवा विझला त्यास निदान सकाळची वाट पाहता येते. अंध वाचकाचे तसे नाही. त्याचे यंत्र थांबले की पान, दिवा आणि डोळा ही तिन्ही त्याच्यापासून एकदमच जातात; आणि का गेली हे कळण्यास मार्ग नसतो. वीज संपली असो, कळा चुकून कुलूपबंद झाल्या असोत, पुस्तकांची चकती जागेवरून सरकली असो, वा आतील एखादा भाग कायमचा निकामी झाला असो, त्याच्या कानी येणारी शांतता एकच. डोळस मनुष्य पडद्यावरील खूण पाहतो. अंधाने काय पाहावे?

जेथे एकाचा भरवसा पूर्ण असतो आणि दुसरा उपाय हाती नसतो, तेथे भरवसा घेणाऱ्याची जबाबदारीही पूर्ण असते. म्हणूनच मोशेच्या नियमशास्त्रात अंधाच्या वाटेत अडथळा ठेवण्याची मनाई वेगळी सांगितली आहे. डोळसाच्या वाटेतील धोंडा ही गैरसोय होय. अंधाच्या वाटेतील तोच धोंडा हा विश्वासघात होय. धोंडा तोच, पण ज्याच्या पायाखाली तो येतो त्याच्या स्थितीने कृत्याचे मोल बदलते. तेव्हा यंत्राच्या भरवशाचा प्रश्न हा नीतीचाच प्रश्न आहे, असे आम्ही समजतो.

आता कोणी म्हणेल की, यंत्र हवेच कशाला? एकाने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे. आपल्या देशात ही रीत पुरातन आहे. ती खरोखर आहे. जेथे ही भेट झाली त्याच नेवाशात इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका मुखाने सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. पौलाचे रोमकरांस पत्र तर्तियाने लिहून घेतले, आणि तेथील मंडळीतील बहुतेकांनी ते कानांनीच ग्रहण केले असले पाहिजे. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) ह्यांची दृष्टी ते नऊ महिन्यांचे असताना गेली. तरी दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेऊन आणि आपले विचार दुसऱ्यांच्या हातून लिहवून त्यांनी शंभरांहून अधिक ग्रंथ रचले. कानाने विद्या मिळत नाही असे कोण म्हणेल?

परंतु महाराजांच्या भोवती शिष्य होते. आमच्या पाथरवटाच्या भोवती कोण आहे? मुलगा पहाटे कामास जातो, सून रानात जाते, नातू परगावी नोकरीस आहे. वाचून दाखविणारा मनुष्य लाभला तरी तो त्याच्या सवडीने येतो, थकला की थांबतो, त्यास न आवडलेला भाग गाळतो, आणि ऐकणाऱ्याने "पुन्हा एकदा वाच" असे दहादा म्हटले की त्याच्या स्वरात कंटाळा उमटतो. अंधाचा कान तो कंटाळा लगेच ओळखतो आणि मग तो मागणेच सोडून देतो. यंत्राने दिलेले खरे दान हे आहे. मध्यरात्री झोप येत नसता, कोणास न उठविता, कोणाचे उपकार न घेता, एकच ओळ वीस वेळा ऐकण्याची त्यास मोकळीक मिळाली. ही मोकळीक लहानसहान गोष्ट आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी आठ दिवस आपले प्रत्येक पत्र व वर्तमानपत्र शेजाऱ्याकडून वाचवून घेऊन पाहावे.

ब्रेल लिपीचे उदाहरणही येथे विचारात घेतले पाहिजे. लुई ब्रेल ह्यांनी १८२९ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड ह्यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. आज दादर येथे अंध मुलींची जी शाळा आहे, ती तीच. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनातही अंध स्त्रियांस बोटांनी वाचावयास शिकवीत. ह्या लिपीस वीज लागत नाही, तिची कळ बिघडत नाही, आणि भरवशाच्या बाबतीत तिच्या तोडीची दुसरी वस्तू नाही. लहानपणीच दृष्टी गेलेल्या प्रत्येक मुलास ती शिकविलीच पाहिजे. परंतु ज्याने चाळीस वर्षे छिन्नी-हातोडा चालविला, त्याच्या बोटांस साठाव्या वर्षी कागदावरील बारीक टिंबे लागत नाहीत. आमच्या बाबांनी प्रयत्न केला होता. "दगड ओळखणारी बोटे आहेत ही, टिंब नाही ओळखत," असे ते म्हणाले. अशांसाठी बोलके पुस्तक हेच पुस्तक होय.

ह्या बोलक्या पुस्तकाचा इतिहास नव्वद वर्षांचा आहे, आणि त्यात आपणांस शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेत १९३४ साली तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर पुस्तके देण्यास प्रारंभ केला. एका बाजूस सुमारे पंधरा मिनिटांचे वाचन मावे. १९३५ साली इंग्लंडातही अशी व्यवस्था झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची आठवण त्यामागे होती. पुढे तबकड्यांच्या जागी कॅसेटी आल्या. आपल्याकडे १९५२ साली मुंबईस स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ह्या संस्थेने बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय चालविले. १९९६ साली निरनिराळ्या देशांतील अशा ग्रंथालयांनी एकत्र येऊन डेझी नावाची पद्धत सर्वत्र रूढ करण्याचे ठरविले. तिच्या योगाने अंध वाचकास डोळसाप्रमाणेच एका प्रकरणावरून दुसऱ्यावर जाता येते, खूण ठेवता येते, आणि जेथे थांबलो तेथूनच पुढे सुरू करता येते. २०१२ साली आपल्या देशाच्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अपंगांसाठी पुस्तकांचे असे रूपांतर करण्यास मोकळीक मिळाली. मराकेश येथे २०१३ साली ह्याच हेतूने जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यास २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होय. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय नावाचे ग्रंथालय संगणकाच्या जाळ्यावर उघडले. एकूण, पुस्तके अंधाच्या दाराशी येण्याच्या वाटेतील पुष्कळ काटे काढले गेले आहेत.

मात्र ह्या इतिहासातील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. अमेरिकेत १९३५ नंतर सरकारी खर्चाने हजारो यंत्रे तयार करविण्यात आली. ती अंध वाचकांस दान दिली नाहीत, उसनी दिली. यंत्र ग्रंथालयाचे, वाचकाने ते हवे तितके दिवस वापरावे, बिघडले तर परत धाडावे, आणि ते दुरुस्त करून किंवा दुसरे पाठवून वाचन पुढे चालू ठेवणे हे देणाराचे काम. १९६० पासून टेलिफोनच्या नोकरीतील व त्या नोकरीतून निवृत्त झालेल्या लोकांच्या एका संघाने ही यंत्रे विनामूल्य दुरुस्त करण्याचे काम अंगावर घेतले. जन्मभर तारा जोडलेल्या म्हाताऱ्या हातांनी, कधी न भेटलेल्या अंध माणसांची यंत्रे घरी बसून नीट करून दिली.

उसने देणे आणि दान देणे ह्यांत श्रेष्ठ काय, असे विचारले तर कोणीही दान म्हणेल. ह्या एका बाबतीत आम्हांस तसे वाटत नाही. दान दिले की देणारा मोकळा होतो. हार घातले जातात, छायाचित्र निघते, आणि वस्तूचे पुढे काय झाले हे विचारण्याचे त्यास कारण उरत नाही. उसनी वस्तू देणारास बांधून ठेवते. ती त्याची आहे, म्हणून ती चालते की नाही ह्याची विचारपूस त्यानेच करावयाची. धर्माच्या गाईला दात का नाहीत असे विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे; आणि गरीब मनुष्य ती इतक्या लहानपणी शिकतो की, फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करण्याची त्यास लाज वाटते. बाबांनी सात महिने कोणास काही सांगितले नाही, ह्याचे एक कारण हेच. "फुकटच मिळाले होते, साहेब. दीड वर्ष चालले हेच पुष्कळ," असे ते म्हणाले. पण बिनदाताची गाय चरू शकत नाही, आणि न चरणारी गाय दूध देत नाही. मग ती म्हण कोणाच्या सोयीची? घेणाराच्या तर नव्हेच.

सरकारच्या ज्या योजनेतून अपंगांस साहित्य मिळते, तिचा नियम असा आहे की, एकदा एक वस्तू मिळाल्यावर तीन वर्षांच्या आत त्याच कामासाठी पुन्हा साहाय्य मिळत नाही. बारा वर्षांखालील मुलांस ही मुदत एका वर्षाची आहे. नियम अन्यायाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यास अजून एकदाही मिळाले नाही, त्याची पाळी आधी यावी, हे योग्यच आहे. परंतु ह्याचा अर्थ असा की, दीड वर्षाने मुके झालेले यंत्र उरलेले दीड वर्ष मुकेच राहणार, जर जवळचे कोणी त्याची काळजी घेतली नाही तर.

आणि आपल्या जिल्ह्याच्या हवेत व राहणीत यंत्र मुके होण्यास कारणे थोडी नाहीत. उन्हाळ्यातील धूळ कळांच्या फटींत शिरते. वीज येते-जाते, आणि येताना कधी जोराने येते. तार जोडण्याचे भोक वारंवार ओढाताण झाल्याने सैल पडते. आतील विजेची पेटी कितीही चांगली असली तरी काही शे वेळा भरली-रिकामी झाली की तिची ताकद उतरू लागते. आणि ती अगदी रिकामी करून महिनोन् महिने तशीच ठेवली तर लवकर नासते. यंत्र जितके गुणी, तितके ते नाजूक, असे पुष्कळदा घडते. १९३९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज ह्या संस्थेने पुढे खेडोपाडी नेण्यासाठी नुसत्या पुठ्ठ्याचे एक यंत्र काढले होते. पुठ्ठ्याची घडी उलगडावी, तबकडी ठेवावी, आणि ती काडीने किंवा बोटाने फिरवावी. वीज नाही, कमान नाही. हात हळू चालला की आवाज जाड होई, हात जोरात चालला की बारीक होई. ऐकण्यास ते काही गोड नव्हते. पण फिरविणारा हात असेल तोवर ते थांबत नसे. करणाराने आपल्या कौशल्याची हौस बाजूस ठेवून घेणाराच्या घराचा विचार केला, हा त्यातील गुण होय.

आता आमच्या हातातील यंत्राचे काय झाले, ते सांगतो. अहिल्यानगरास (२०२४ मध्ये नाव बदलेपर्यंत आपण सर्व ज्यास अहमदनगर म्हणत होतो) बाजारात मोबाईल दुरुस्त करणारा एक तरुण बसतो. त्याने यंत्र हाती घेतले, उलटसुलट पाहिले, आपल्याजवळील एक तार त्यास जोडली आणि म्हणाला, "काका, ह्याला काहीही झालेले नाही. ह्याच्या पोटात वीज नाही, एवढेच." तासाभराने त्याने कळ दाबली. यंत्राने पुस्तकाचे नाव उच्चारले आणि सात महिन्यांपूर्वी जेथे ते थांबले होते, तेथूनच पुढे ते वाचू लागले. भर बाजारात, गाड्यांच्या गोंगाटात, पंढरपूरची हकीकत सुरू झाली.

मग बाबांच्या घरी दूरध्वनीवरून चौकशी केली. नातवाच्या मोबाईलची तार मोडली होती. आजोबांच्या यंत्राची तार त्यास लागू पडली. ती घेऊन तो नोकरीच्या गावी गेला. चार दिवसांनी नवी विकत घेऊन ही परत आणू, असे त्याच्या मनात होते. नंतर तो विसरला. त्याने चोरी केली नाही. आजोबांवर त्याचे प्रेम आहे. दिवाळीस त्याने त्यांस धोतरजोडी आणली होती. यंत्रानेही आपले काम केले होते. वीज संपत आल्याचे त्याने बंद पडण्यापूर्वी अनेकदा बोलून सांगितले. परंतु ते सांगितले इंग्रजीत. बाबा म्हणाले, "मधून मधून कोणीतरी इंग्रजी बोलत होते खरे. मला वाटले, पुस्तकात मिशनरी साहेब येतात, तेच बोलत असतील."

आणि आमचे काय? आमची रोजनिशी काढून पाहिली. त्या सात महिन्यांत आम्ही त्या घरी दोनदा गेलो होतो. एकदा पुनरुत्थानाच्या सणानंतर आणि एकदा पेरणीच्या सुमारास. दोन्ही वेळा चहा घेतला, बाबांसाठी प्रार्थना केली, आणि निघालो. ते गाठोडे कोनाड्यात होते. आम्ही डोळस होतो. आम्ही विचारले नाही.

वाचकहो, कडक लेख न लिहिण्याचे कारण हे. झाडाझडती घ्यावयास निघालो, तो आरोपींच्या रांगेत आपणच उभे आहोत असे आढळले. तथापि सर्वच दोषी, म्हणून कोणीच दोषी नाही, अशी सोयीची समजूतही आम्ही करून घेणार नाही. प्रत्येकाचा वाटा वेगळा आहे आणि तो वेगळाच मोजला पाहिजे. जो यंत्र करतो, त्याने ते ज्याच्या हाती जाणार त्याच्या भाषेत त्याचे दुखणे सांगावयास हवे. मराठी पुस्तक वाचणाऱ्या यंत्रास आपण मरतो आहो हे मराठीत सांगता येऊ नये, ही अक्षम्य हेळसांड होय. जो देतो, त्याने देतानाच दुरुस्ती कोठे व कशी होईल हे सांगावयास हवे आणि वर्षाने एकदा विचारावयास हवे. जे घरात राहतात, त्यांनी अंधाची वस्तू ही घरातील इतर वस्तूंसारखी नव्हे हे जाणावयास हवे. डोळसाची तार घेतली तर तो ओरडून मागतो. अंधास ती गेली हेही कळत नाही. वृद्ध इसहाकाची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. दृष्टी मंदावल्यावर त्याने आवाज ऐकला, हात चाचपले, आणि तरी तो फसला. त्यास फसविणारे बाहेरचे कोणी नव्हते, त्याच्याच तंबूतील होते. तेथे कपट होते, येथे नुसता विसर आहे. पण अंधाच्या पदरी पडते ते सारखेच.

आम्हांस जे सांगावयाचे आहे ते इतकेच की, कोणतेही यंत्र केवळ स्वतःच्या बळावर भरवशाचे नसते. जगातील उत्तम यंत्रही एक दिवस थांबते. ते थांबल्यावर किती तासांनी, किती दिवसांनी, की किती महिन्यांनी कोणी येऊन "काय झाले?" असे विचारतो, त्यावर त्याचा खरा भरवसा ठरतो. ज्या घरी हा प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारला जातो, तेथे साधे यंत्रही विश्वासू ठरते. जेथे तो सात महिन्यांनी विचारला जातो, तेथे सर्वांत महाग यंत्रही विश्वासघातकी ठरते.

ह्यावर काही मंडळींत असे म्हणतील की, आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे, तोही वाचून दाखवितो, मग ह्या वेगळ्या यंत्राची कटकट कशाला? तरुण अंध बंधुभगिनी मोबाईल उत्तम चालवितात, आणि त्यांनी तो अवश्य चालवावा. परंतु मोबाईलची काच सपाट असते. बोटास तेथे काही लागत नाही. सत्तरीच्या मनुष्यास उंचवट्याची कळ हवी असते, जी अंधारात सापडते आणि कालच्याच जागी आजही असते. शिवाय घरातील मोबाईल हा घराचा असतो. त्यावर आधी मुलाचे काम, मग नातवंडांचा खेळ, आणि उरला वेळ तर आजोबांचे पुस्तक. बाबांस हवे ते त्यांचे स्वतःचे, कोणी न मागणारे.

उपाय फार मोठे नाहीत, आणि त्यांस पैसाही फारसा लागत नाही. ज्या मंडळीत असे यंत्र कोणाकडे आहे, तेथील उपदेशकांनी भेटीस गेल्यावर प्रकृती विचारतात त्याच वेळी यंत्राचीही विचारपूस करावी, आणि नुसते न विचारता कळ दाबून ऐकावे. तार यंत्रास दोऱ्याने बांधून ठेवावी व घरच्यांस बजावावे की ती हलवावयाची नाही. धूळ बसू नये म्हणून लहानशी पिशवी शिवून द्यावी. हे काम स्त्रियांच्या सभेस सहज करता येईल. पुस्तकांची दुसरी प्रत दुसऱ्या चकतीवर करून पाळकांच्या घरी ठेवावी, म्हणजे एक हरवली तर सर्वच हरवत नाही. यंत्र इंग्रजीत जे दोनचार इशारे देते, त्यांचा अर्थ बाबांस व आजींस तोंडपाठ करून द्यावा. नवे यंत्र घेण्यापूर्वी ते घेणाऱ्या डोळस माणसाने अर्धा तास डोळे मिटून चालवून पाहावे. आणि जेथे मंडळी स्वतःच्या पैशाने यंत्र घेईल, तेथे ते दान म्हणून न देता मंडळीचे म्हणून उसने द्यावे. म्हणजे ते चालू ठेवण्याची जबाबदारीही मंडळीचीच राहील, आणि घेणारास तक्रार करण्याची लाज वाटणार नाही.

यंत्र दुरुस्तीस गेले असता मधल्या दिवसांत कोणीतरी जाऊन वाचून दाखवावे, हे सांगावयास नको. पण ते वाचन यंत्राच्या जागी कायमचे बसवू नये. "आम्ही वाचून दाखवितो ना, मग यंत्र कशाला?" हे प्रेमाचे बोलणे आहे; तरी त्यात मोकळीक काढून घेण्याचा धोका आहे. मनुष्याने सोबतीस जावे, आणि यंत्राने एकांतास साथ द्यावी. दोहोंची जागा वेगळी.

बाबांचे यंत्र आम्ही दुसऱ्याच आठवड्यात नव्या तारेसह परत नेऊन दिले. ते पूर्वीसारखे राहिलेले नाही. पूर्वी एकदा भरले की दोन दिवस पुरे. आता एका दिवसात संपते. सात महिने रिकामे राहिल्याने पेटीची ताकद गेली, असे त्या तरुणाने सांगितले होते. आपल्या विसराचे एवढे चिन्ह त्या यंत्रात कायमचे राहिले आहे, आणि आम्ही ते लपविले नाही. बाबांस तसे सांगितले. ते म्हणाले, "चालेल, साहेब. एका दिवसाचे पुस्तक एका दिवसात." मग त्यांनी बोटांनी कळ शोधली, यंत्र मांडीवर ठेवले आणि मान किंचित कलती करून ऐकू लागले. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी हात वर करून निरोप दिला, पण बोलले नाहीत. पुढच्या भेटीत उंबऱ्यातच त्यांनी आम्हांस बातमी दिली: "बाई नगरास पोहोचल्या."

आपल्या गावी, आपल्या मंडळीत, कोणाच्या कोनाड्यात असे एखादे गाठोडे आहे काय? येत्या रविवारी उपासनेनंतर घरी जाण्यापूर्वी त्या दारी क्षणभर थांबा, आणि विचारा: "बाबा, पुस्तक बोलते आहे ना?"